तळटिपांची उस्तवार

पुस्तकातला मजकूर वाचणारे पुष्कळ असतात. पानाच्या तळाशी बारीक टाइपात अंग चोरून बसलेल्या टिपा वाचणारे मात्र विरळा. मला त्या टिपांविषयी पहिल्यापासून ममत्व आहे. लेखक वर जे ठणकावून सांगतो त्याचा हिशेब खाली मांडलेला असतो. हे वाक्य माझे नव्हे, अमक्याचे आहे. हा आकडा मी मनाने काढलेला नाही, तमक्या अहवालाच्या तमक्या पानावर आहे. शंका असेल तर जा आणि पाहून या, असे तो वाचकाला तेथे सांगतो. वाण्याकडची उधारीची वही आणि तळटीप यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. कोणाकडून काय घेतले ते दोन्हींत लिहिलेले असते, आणि पान फाटले की दोन्हीकडे भांडण उभे राहते.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उमेदीची वर्षे काढून मी तामलवाडीस येऊन राहिले. गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे. एरवी वाहनांची वर्दळ, आणि कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांची रात्रंदिवस रीघ. अशा गावातही ग्रंथपालाला काम मिळते. आसपासच्या तालुक्यांतली मुले-मुली आता पीएच.डी. करतात. प्रबंध संपत आला की कोणीतरी त्यांना माझे घर दाखवते. पेन ड्राइव्ह पुढे करून ती म्हणतात, "मॅडम, लिहून झालंय सगळं, फक्त संदर्भ तेवढे बघून द्या." या 'फक्त' शब्दात काय काय दडलेले असते ते त्यांना ठाऊक नसते, आणि मीही पहिल्या दिवशी सांगत नाही. चहा मात्र देते.

पूर्वी छापखान्यातून मुद्रिते येत. जुळाऱ्याने खिळे जुळवून काढलेल्या त्या ओल्या कागदावर तांबड्या शाईने समासात खुणा करायच्या. काय खोडले आणि काय घातले ते कोणालाही नुसत्या नजरेने दिसे. संगणकावरच्या लेखनात ही सोय 'ट्रॅक चेंजेस' या नावाने आली. ही कळ चालू केली की मार्गदर्शकाने खोडलेला शब्द पुसला जात नाही, त्याच्या अंगावर रेघ पडते. घातलेला शब्द निराळ्या रंगात उमटतो. आणि विद्यार्थ्याने एकेक बदल पाहून तो स्वीकारायचा किंवा नाकारायचा असतो. कल्पना उत्तम आहे. तिच्यावर माझा राग नाही. पण तांबड्या शाईला जी गोष्ट कधी भेटली नव्हती ती हिला भेटली, आणि तेथे घोटाळ्याला तोंड फुटले.

ती गोष्ट म्हणजे जिवंत संदर्भ. आजकाल विद्यार्थी संदर्भ हाताने लिहीत नाहीत. झोटेरो, एंडनोट यांसारख्या संदर्भ-व्यवस्थापकांत ते ग्रंथांची नोंद करून ठेवतात आणि प्रबंधात योग्य जागी एक कळ दाबतात. पानावर नुसता कंसातला आकडा दिसतो. त्या आकड्याच्या पोटात मात्र एक अदृश्य सूत्र असते, ज्याला 'फील्ड' म्हणतात. कोणता ग्रंथ, कोणाचा, कोणत्या साली छापलेला, हे सारे त्यात भरलेले. ऑल्ट आणि एफ-नऊ या कळा एकत्र दाबल्या की महिरपी कंसांत ही आतडी बाहेर दिसतात. प्रबंधात कोठेही नवा संदर्भ शिरला की पुढचे सारे आकडे आपोआप सरकतात आणि शेवटची संदर्भसूची स्वतःला नव्याने रचून घेते. सूचीत कोण बसणार हे ठरते ते मजकुरात कोण जिवंत आहे त्यावरून. हे एवढे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

कारण हा आकडा मरतो. मेला तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. फील्ड नाहीसे होऊन नुसता टंकलेला आकडा उरतो आणि तो जिवंत आकड्यांच्या रांगेत तसाच उभा राहतो. एखाद्याने परिच्छेद उचलून दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये नेला, तेथे नीटनेटका केला आणि परत आणून चिकटवला की हे होऊ शकते. फाइल फोनवर उघडून भलत्याच स्वरूपात साठवली की होते. आपल्या मराठी मुलांचे आणखी एक खास कारण आहे. संदर्भ-व्यवस्थापक सहसा इंग्रजी आकडे घालतात. मराठी प्रबंधात ते डोळ्यांना खुपतात. मग मुले प्रत्येक आकडा हाताने देवनागरी करीत बसतात. फील्डच्या पोटात शिरून केलेली ही दुरुस्ती पुढच्या ताजेपणाच्या वेळी पुसली तरी जाते, नाहीतर कंटाळून ती मुले फील्डच तोडून टाकतात. रात्र रात्र जागून केलेले हे काम असते, म्हणून त्यांना रागावताही येत नाही.

गेल्या आश्विनात माझ्याकडे आलेली मुलगी लोहारा तालुक्यातली. विषय होता १९९३ च्या भूकंपानंतरचे पुनर्वसन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून लोक नुकते झोपी गेलेले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीची धाब्याची छपरे, यांच्याखाली गावेच्या गावे गाडली गेली. ही मुलगी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. तिने गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतली एक सास्तूरच्या बाजूची आजी. नवे गाव वसवताना घरे कशी हवीत हे आम्हांला कोणी विचारले नाही. रांगेत घरे बसवली, भावकी पांगली, आणि शेजारणीची हाक ऐकू येईनाशी झाली, असे त्या आजीने सांगितले होते. प्रबंधाचा चौथा अध्याय या कथनावर उभा होता. सूचीत तिचा क्रमांक अठ्ठावन्न. एकोणसाठाव्या क्रमांकावर एक शासकीय अहवाल होता, आणि ग्रामस्थांना विश्वासात घेऊन काम केले असे त्यात म्हटले होते.

मार्गदर्शकांनी तो परिच्छेद सुधारून दिला. हेतू चांगलाच होता; वाक्ये खरोखर अधिक रेखीव झाली होती. पण त्यांनी तो बाहेर नेऊन लिहिला आणि परत आणून चिकटवला. त्यामुळे ट्रॅक चेंजेसच्या रिवाजाप्रमाणे जुना परिच्छेद रेघ मारलेल्या अवस्थेत तसाच राहिला, त्यातला आकडा जिवंत. आणि खाली नवा परिच्छेद उभा राहिला, त्यातला अठ्ठावन्न मेलेला. यात कपटी गोष्ट अशी की त्या दिवशी सारे सुरळीत दिसत होते. रेघ मारलेला मजकूर जोवर कागदपत्रात आहे तोवर संदर्भ-व्यवस्थापक त्यातला आकडा मोजतोच. आजी सूचीत आपल्या जागी होती. मग मुलीने एका संध्याकाळी 'सर्व बदल स्वीकारा' ही कळ दाबली. रेघ मारलेला परिच्छेद गेला, त्याच्यासोबत शेवटचा जिवंत दुवा गेला. पुढच्या वेळी सूची ताजी झाली तेव्हा आजी तिच्यातून गळली, एकोणसाठावा अहवाल एक पायरी खाली उतरला आणि नेमका अठ्ठावन्नाव्या जागेवर येऊन बसला.

आता प्रबंध काय म्हणत होता ते पाहा. आम्हांला कोणी विचारले नाही, हे वाक्य शासकीय अहवालाच्या नावावर. पुढच्याच परिच्छेदात, ग्रामस्थांना विचारले, हेही त्याच अहवालाच्या नावावर. परीक्षकाने हे वाचून मुलीला खुळ्यात काढले असते, आणि त्याला दोष देता आला नसता. आजी मात्र कोठेच नव्हती. मुलाखतीनंतर वर्षभरातच ती वारली होती. तिच्या बोलण्याचा कागदावरचा पुरावा म्हणाल तर तेवढीच एक ओळ होती.

अशा वेळी घाई करून मेलेल्या आकड्यावर दुसरा आकडा टंकणे हा सर्वांत वाईट उपाय. तो दोन दिवस टिकतो. माझी रीत जुन्या ग्रंथपालाची आहे. आधी फाइलच्या प्रती करायच्या, प्रत्येकीच्या नावात तारीख घालायची आणि मूळ प्रतीला हात लावायचा नाही. मग मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वीची सर्वांत जुनी निर्दोष प्रत शोधायची. या मुलीच्या बाबतीत ती तिच्या पाठवलेल्या ईमेलांत सापडली. लोक पेन ड्राइव्ह हरवतात, पण ईमेल पुसायचा आळस करतात, आणि आळसाचाही कधीकधी उपयोग होतो. त्या प्रतीवरून मी कागदावर रकाने आखून यादी केली: कोणत्या परिच्छेदात कोणत्या विधानाला कोणाचा आधार, पान कोणते. हे काम कागदावरच करावे असे माझे मत आहे. पडद्यावर डोळा फसतो.

पुढची पायरी जिवंत-मृतांची निवड. फील्डना नेहमी करड्या छायेत दाखवण्याची सोय लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये असते. ती चालू केली की जिवंत आकड्यांखाली करडा ठिपका पडतो आणि मेलेले पांढरेफटक दिसतात. दोनशेच्या वर संदर्भ होते, त्यांतले तेरा पांढरे निघाले. त्यानंतर बदलांची नोंद बंद करायची. ती चालू ठेवून संदर्भ ताजे केले तर सरकलेला प्रत्येक आकडाही बदल म्हणून नोंदला जातो आणि पान रक्तबंबाळ होते. मग एकेक मृत आकडा काढून त्या जागी, यादीवरून पडताळून, नवा जिवंत संदर्भ घालायचा. ज्या परिच्छेदांवर रेघ आहे त्यांतला संदर्भ नव्या जागी पोचला आहे याची खात्री झाल्यावरच तो बदल स्वीकारायचा, त्याआधी नाही. शेवटी सूची ताजी करायची आणि जुनी व नवी प्रत तुलनेच्या कळीने एकमेकींशी ताडून मार्गदर्शकांना दाखवायची, म्हणजे त्यांचे काही खोडले असे त्यांना वाटत नाही. या साऱ्याला अकरा दिवस लागले. बाहेर रस्त्यावरून आईच्या नावाचा गजर करीत माणसे चालली होती आणि आत आम्ही दोघी आकडे मोजत होतो.

हे दुखणे संगणकाने आणले असे मात्र कोणी समजू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर तीनशे वर्षांत नकलाकारांनी तिच्यात काय काय मिसळले होते. नाथांनी पाठ निवडला आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी यात घालू नये अशी कडक सूचना शेवटी लिहून ठेवली. पण त्यांनी स्वतः काय काढले व काय बदलले त्याची नोंद आपल्या हाती नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर 'सर्व बदल स्वीकारा' ही कळ दाबून झाल्यावरची प्रत आपल्याला मिळाली. राजवाड्यांनी १९०९ साली नाथांपूर्वीची म्हणून एक प्रत छापली, तेव्हा ओव्यांची संख्या आणि शब्द, दोन्हींत फरक दिसले. म्हणून ज्ञानेश्वरीतली ओवी नुसत्या क्रमांकाने सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी विचारते, कोणती प्रत? तो गोंधळतो. घरात असते तीच, असे त्याचे उत्तर असते.

याच्या उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेचे महाभारत. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी जी शिस्त घातली ती पाहण्यासारखी आहे. चौकटी आखलेल्या कागदावर वर श्लोकाचा एक पाठ अक्षर-अक्षर मांडायचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखितातले जे अक्षर निराळे असेल तेवढे त्याच्या चौकटीत भरायचे. जे श्लोक मूळचे नव्हेत असे ठरले ते मुख्य पाठातून काढले, पण फेकले नाहीत. तारांकित करून खाली ठेवले. मोठी प्रकरणे परिशिष्टात गेली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची आवडती कथा आज मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. म्हणजे रेघ मारलेला मजकूर रेघेसकट जपला. ट्रॅक चेंजेसचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

पण श्लोक काढले की क्रमांक सरकणारच. गीता भीष्मपर्वात आहे. जुन्या प्रचलित प्रतींत तिचे अध्याय पंचवीस ते बेचाळीस. चिकित्सक प्रतीत तेच तेवीस ते चाळीस. शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधातला क्रमांक घेऊन आजची प्रत उघडणारा मनुष्य दोन अध्याय पुढे जाऊन पडतो. संपादकांनी हे ओळखून जुने अध्याय नव्या प्रतीत कोठे येतात याची कोष्टके दिली, म्हणून तो उठून परत येऊ शकतो.

आपल्या घरातलेच उदाहरण द्यायचे तर स्तोत्रसंहितेचे. ग्रीक भाषांतरात आणि त्यावरून लॅटिनमध्ये नववे व दहावे स्तोत्र एक धरले गेले. तेथपासून पुढे बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक हिब्रू गणतीपेक्षा एकाने कमी झाला. पुढे एकशे सेहेचाळीस-सत्तेचाळीसपाशी एका स्तोत्राचे दोन झाले आणि एकूण संख्या दोन्हीकडे दीडशेच राहिली. त्यामुळे जुन्या कॅथॉलिक प्रार्थनापुस्तकांत मेंढपाळाचे स्तोत्र बाविसावे आणि नव्यांत तेविसावे. आजीच्या पुस्तकावरून नातू शोधायला गेला तर त्याला भलतेच, आक्रोशाचे स्तोत्र सापडते. आता बहुतेक पुस्तकांत दोन्ही क्रमांक छापतात. एका कंसाचा खर्च, पण घराण्यातल्या दोन पिढ्या एका पानावर येतात.

आमच्या जिल्ह्यात याची नवी आवृत्ती निघाली आहे. २०२३ साली उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. नाव बदलले ते बदलले. पण मुलांनी संगणकाला सांगितले की जेथे उस्मानाबाद असेल तेथे धाराशिव कर, आणि त्या आज्ञाधारक यंत्राने संदर्भसूचीतसुद्धा ते केले. राज्य शासनाचे उस्मानाबाद जिल्ह्याचे जे जुने गॅझेटिअर आहे त्याचे नाव एका प्रबंधात धाराशिव जिल्ह्याचे गॅझेटिअर असे झाले. त्या नावाचा तो ग्रंथ कोणत्याही कपाटात नाही. ग्रंथाचे नाव हे ग्रंथाचे असते, ते जिल्ह्याबरोबर बदलत नाही. शिवाय ते गॅझेटिअर १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होण्याआधीचे, म्हणून त्यातले जिल्ह्याचे आकडे आजच्या जिल्ह्याला लावता येत नाहीत. भूकंपाच्या वेळी उमरगा तालुक्यात मोडणारे सास्तूरही आता लोहारा तालुक्यात आहे. हे सारे एका टिपेत सांगावे लागते, आणि टिपा तर कोणी वाचत नाही म्हणतात.

'तत्रैव' या शब्दाविषयी मला स्वतंत्र लेख लिहिता येईल. वरच्या टिपेतला ग्रंथ पुन्हा आला की 'तत्रैव' लिहायचे, ही आपली जुनी काटकसर. परिच्छेद हलवता येत नव्हते त्या काळात ती शोभली. आता दोन टिपांच्या मध्ये कोणी नवे वाक्य घुसवले की 'तत्रैव' बिचारा शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. भूकंपावरच्याच दुसऱ्या एका निबंधात मृतांचे दोन आकडे होते. ७,९२८ हा राज्य शासनाचा, आणि ९,७४८ हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीतला. मधल्या एका वाक्याच्या हालचालीने 'तत्रैव' फिरला आणि शासनाने आपल्याच आकड्यात अठराशे माणसे वाढवल्यासारखे दिसू लागले. आकडा चूक नव्हता. तो कोणाचा, हे चुकले होते. काम चालू असेपर्यंत 'तत्रैव' लिहू नका, प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहा, आणि प्रबंध बांधायला जाण्याच्या आदल्या दिवशी हवी तेवढी काटकसर करा, असे मी सर्वांना सांगते. फार थोडे ऐकतात.

लोहाऱ्याच्या मुलीचे पुढे असे झाले. आजीचा दुवा जोडला गेला. तिच्या कथनाची ध्वनिफीत मुलीच्या फोनमध्ये होती. तिची एक प्रत करून स्वतंत्र ठेवायला मी लावले आणि मुलाखतीची तारीख व स्थळ टिपेत घालायला सांगितले. मार्गदर्शकांनी तुलनेची प्रत पाहिली आणि चौथ्या अध्यायात आजीचे कथन व अहवालाचे विधान समोरासमोर ठेवून आणखी दोन पाने लिहायला सांगितली. ती पाने प्रबंधातली सर्वांत चांगली झाली आहेत. तेरांपैकी नऊ संदर्भ अशा रीतीने सापडले. चार मात्र कोणत्याच जुन्या प्रतीत नव्हते. मधल्या कोणत्यातरी प्रतीत ते घातले गेले आणि ती प्रत बिघडलेल्या पेन ड्राइव्हबरोबर गेली. मुलीने दोन दिवस वह्या धुंडाळल्या. मग ती चारही वाक्ये तिने स्वतःच खोडली. त्यांतले एक, नव्या घरांच्या दारांना उंबरठे कसे नव्हते याविषयीचे, फार सुंदर होते.